शाळा जवळ आहे की नाही, हे शासनाने एकदा ठरवावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत चौतीस वर्षे नोकरी केली आणि त्यातली शेवटची अकरा वर्षे केंद्रप्रमुख म्हणून सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका तालुक्यात काढली. माझ्या केंद्रात, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या गटात, चौदा शाळा होत्या. त्यांपैकी नऊ शाळा वाड्यावस्त्यांवरच्या द्विशिक्षकी शाळा होत्या. निवृत्त होऊन आता काही वर्षे झाली, त्यामुळे ना माझ्या बदलीचा प्रश्न आहे ना कोणाच्या शेऱ्याची भीती. सरकारी शाळा की खासगी शाळा हा वाद सध्या ज्या पद्धतीने चालला आहे, त्यात एक साधी विसंगती कोणी शासनासमोर ठेवत नाही असे मला वाटते आणि ती मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, पण जमल्यास ते पूर्ण छापावे, ही विनंती.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांच्या कार्यालयाने वीसपेक्षा कमी पटसंख्येच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले. राज्यात तेव्हा अशा शाळा चौदा हजारांहून अधिक होत्या. लहान शाळेत मुलांना बरोबरीचे सवंगडी मिळत नाहीत, खेळ, संगीत, प्रयोगशाळा या सोयी देता येत नाहीत, म्हणून मुलांच्या हितासाठीच त्यांना मोठ्या शाळेत आणावे, असे कारण त्यामागे देण्यात आले आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत व नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ ही उदाहरणे समोर ठेवण्यात आली. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, ९ फेब्रुवारी २०२४ रोजी, त्याच विभागाने शिक्षण हक्क कायद्याखालील राज्याच्या नियमांत दुरुस्ती केली. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा आहे, त्या शाळेवर दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी २५ टक्के जागा राखण्याचे बंधन राहणार नाही, असे तिच्यात म्हटले होते. जवळ सरकारी शाळा असताना खासगी शाळेला त्या मुलांच्या शुल्काची प्रतिपूर्ती का द्यायची, असा शासनाचा युक्तिवाद होता.

हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. पहिल्यात शासन म्हणते की तुमच्या घराजवळची शाळा इतकी लहान आहे की ती नसलेली बरी. दुसऱ्यात तेच शासन म्हणते की घराजवळ शाळा आहेच, तेव्हा दुसरीकडे जागा मागू नका. माझ्या केंद्रातील एखाद्या वाडीवरच्या मजुराच्या मुलीला हे दोन्ही नियम एकाच वेळी लागू झाले असते. वाडीवरची शाळा पट कमी म्हणून बंद झाली असती आणि बाजारगावातल्या इंग्रजी शाळेतली राखीव जागा, त्या गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे म्हणून, गेली असती. एकाच पोरीला शासनाने दोन दारे दाखवायची आणि दोन्ही बंद करायची, हे धोरण म्हणता येत नाही.

दुसरा कागद न्यायालयात टिकला नाही, हे बरे झाले. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ रोजी त्या अधिसूचनेला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द केली. पुढे ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उच्च न्यायालयाच्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. संसदेने केलेल्या कायद्यातील हक्क राज्याच्या नियमाने काढून घेता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. परंतु ज्या विचारातून ती अधिसूचना निघाली, तो विचार जागच्या जागी आहे. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक मिळतील हे ठरवण्याचे, निकष बदलल्यावर कमी पटाच्या शाळांमधील, विशेषतः सहावी ते आठवीच्या वर्गांवरील, शिक्षकांची पदे धोक्यात आली, ती याच विचारामुळे. हा विचार असा की शाळा ही शासनाची जबाबदारी नसून शासन चालवत असलेली एक सेवा आहे, आणि गिऱ्हाईक कमी झाले की ती आवरती घ्यायला हरकत नाही.

कायदा असे म्हणत नाही. घटनेच्या ४५ व्या कलमाने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे ध्येय ठेवले होते. ते गाठायला साठ वर्षे लागली. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने २१-क हे कलम आले, २००९ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. या कायद्याच्या सहाव्या कलमानुसार परिसरात शाळा नसेल तर ती स्थापन करणे हे शासनाचे व स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. राज्याच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे अंतर ठरले. नवी शाळा काढण्यासाठी किमान वीस मुलांची अट त्या नियमांत आहे, हे मला ठाऊक आहे, कारण असे प्रस्ताव मी स्वतः तयार केले आहेत. पण ती अट नवी शाळा काढण्याची आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालू असलेली शाळा बंद करण्याचा तो परवाना नाही. कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत तर पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत, असे लिहिले आहे. साठपर्यंत दोन, म्हणजे अकरा मुले असली तरी दोन. खालची मर्यादा कायद्याने मुद्दामच ठेवलेली नाही. असे असताना ७ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना वीस हजार रुपये मानधनावर घेण्याचे ठरले, तेव्हा माझ्याही घरी विचारणा झाली. मी नम्रपणे नकार दिला. माझ्या केंद्रातली डी. एड. झालेली, पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेली किमान सहा मुले तेव्हा औद्योगिक वसाहतीत रोजंदारीवर जात होती. त्यांच्या जागेवर जाऊन बसणे मला पटले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पट कमी का झाला? कार्यालयातल्या बैठकांमध्ये याचे उत्तर नेहमी ‘पालकांचा कल इंग्रजी माध्यमाकडे आहे’ असे देतात आणि विषय संपवतात. मी पट घसरताना वर्षानुवर्षे हजेरीपत्रकावर पाहिला आहे, म्हणून मला ते उत्तर अपुरे वाटते.

ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी तीन दिवसांची विशेष पटपडताळणी झाली. मी त्या पथकात होतो. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला मतदानाची शाई लावली होती. पहिलीतली पोरे ती शाई एकमेकांना दाखवत होती, त्यांना तो खेळ वाटत होता. आमच्या वाड्यांवरच्या शाळांत हजेरीपत्रकावर जितकी नावे होती तितकीच मुले समोर बसली होती; ताप आलेले एखादे मूलही आईने कडेवर आणून बसवले होते. राज्यात मात्र लाखो बोगस नावे सापडली. ज्या संस्थांनी ती नावे दाखवून तुकड्या, पदे आणि अनुदान घेतले, त्यांच्यावर काय कारवाई झाली हे वाचक जाणतात. त्यानंतर मे २०१२ मध्ये शिक्षकभरती थांबवण्यात आली. ‘पवित्र’ संगणकीय प्रणालीमार्फत नव्या भरतीची जाहिरात यायला २०१९ साल उजाडले. मधल्या सात वर्षांत ज्या शाळांचा पट खरा होता त्या शाळांतले शिक्षकही निवृत्त होत राहिले, बदलून जात राहिले आणि त्यांच्या जागी कोणी येत नव्हते. चोरी एकाची आणि शिक्षा दुसऱ्याला, असे ते झाले.

शिक्षक नसलेल्या शाळेचा पट कसा उतरतो, हे सांगतो. माझ्या केंद्रातील एका शाळेत दोनपैकी एक पद सलग तीन वर्षे रिकामे होते. उरलेले गुरुजी पहिली ते चौथीचे चारही वर्ग एका खोलीत घेत. महिन्यातून चार-पाच दिवस त्यांना तालुक्याला बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा माहिती द्यायला जावे लागे. त्या दिवशी शेजारच्या शाळेतून एक शिक्षक पाठवायचा, म्हणजे त्या शाळेतला वर्ग उघडा पडायचा. साखर कारखान्यावर हंगामी काम करणारा एक बाप त्या वर्षी जूनमध्ये दाखला मागायला आला. मी त्याला थांबवून विचारले. तो म्हणाला, “साहेब, शाळेला नाव ठेवायला जागा नाही. गुरुजी तर देवमाणूस आहेत. पण एक माणूस चार वर्गांना कसा पुरायचा? माझी पोरगी दुसरीत आहे, तिचं हे वर्ष परत येणार आहे का?” त्याने मुलगी बाजारगावच्या इंग्रजी शाळेत घातली. तिची फी भरण्यासाठी त्याने म्हैस विकल्याचे मला नंतर कळले. त्या वर्षी त्या शाळेतून पाच दाखले गेले आणि पट एकोणीसवर आला. पुढच्या संचमान्यतेत तो आकडा जिल्ह्याच्या तक्त्यात ‘वीसपेक्षा कमी’ या रकान्यात जाऊन बसला. त्या रकान्यात कारण लिहायला जागा नसते.

याच काळात दुसऱ्या बाजूने काय चालले होते तेही पाहावे. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याने ज्याच्याकडे जागा आणि ठेव आहे त्याला शाळा काढण्याचा मार्ग मोकळा झाला. परवानगी देण्यापूर्वी त्या परिसरातील चालू शाळांच्या पटावर काय परिणाम होईल, याचा विचार झालेला मी माझ्या नोकरीत एकदाही पाहिला नाही. आमच्या बाजारगावात सहा वर्षांत तीन इंग्रजी शाळा निघाल्या. त्यांच्या पिवळ्या गाड्या सकाळी साडेसातला प्रत्येक फाट्यावर उभ्या राहू लागल्या. म्हणजे शासनाने एका हाताने आपल्या शाळेतला शिक्षक काढून घेतला, दुसऱ्या हाताने शेजारी फी घेणाऱ्या शाळेला परवाना दिला आणि दहा वर्षांनी हजेरीपत्रक उघडून विचारले की मुले कुठे गेली. पट कमी होणे हा परिणाम आहे. त्याला कारण म्हणून दाखवून शाळा बंद करणे अन्यायाचे आहे.

मी खासगी शाळांच्या विरोधात लिहीत आहे असा समज होऊ नये. महाराष्ट्रातल्या माध्यमिक शिक्षणाचा विस्तार खासगी संस्थांनीच केला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली नसती, तर आमच्या तालुक्यातली निम्मी घरे सातवीच्या पुढे शिकली नसती; त्यात माझे घरही येते. पण त्या संस्थांची रीत वेगळी होती. समाजाने जागा आणि धान्य दिले, कार्यकर्त्यांनी आयुष्य दिले, शासनाने वेतन अनुदान दिले आणि मुलाकडे फी मागितली गेली नाही किंवा नाममात्र घेतली. आज ज्या शाळांना आपण खासगी म्हणतो त्यांतल्या बहुतेकींचा पालकाच्या खिशाशी थेट संबंध आहे. तिथल्या शिक्षकांची स्थिती काय आहे? माझी एक पुतणी अशा एका शाळेत शिकवत होती. बी. एड. झालेली, अभ्यासू मुलगी. हातात मिळणारा पगार गावातल्या गवंड्याच्या मजुरीपेक्षा कमी होता आणि मे महिन्याचा पगार मिळतच नसे. तीन वर्षांत ती नोकरी सोडून घरी शिकवण्या घेऊ लागली. ज्या शाळेत दर दोन वर्षांनी शिक्षक बदलतो, तिथे इंग्रजीही येत नाही आणि मराठीही पक्के होत नाही. अशी मुले मी पाचवीत पुन्हा आमच्याकडे आलेली पाहिली आहेत. त्यांना बाराखडीपासून घ्यावे लागले.

पालकांना मी दोष देणार नाही. आपल्या मुलाला इंग्रजी यावे असे वाटणे यात गैर काही नाही, आणि ती इच्छा ओळखूनच महाराष्ट्राने २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय आणला. सेमी इंग्रजीचे वर्गही निघाले. पण त्यासाठी शिक्षकांची जी तयारी करून घ्यायला हवी होती, ती चार दिवसांच्या प्रशिक्षणावर भागवली गेली. माझा नातू पुण्यात खासगी शाळेत जातो, हेही मी इथे लिहून ठेवतो. मुलाच्या घरापासून चालत जाता येईल अशी चांगली मराठी शाळा आम्ही महिनाभर शोधली आणि ती मिळाली नाही. ज्या माणसाने जन्मभर जिल्हा परिषदेची शाळा चालवली त्याच्या घरी ही वेळ आली, याचे मला दुःख आहे.

पालक मनापासून सरकारी शाळा टाळतात, हा समज २०२० नंतरच्या काळाने खोटा ठरवला. देशपातळीवरच्या ‘असर’ सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागात सहा ते चौदा वयाची ६५.६ टक्के मुले २०१८ मध्ये सरकारी शाळांत होती. २०२२ मध्ये हे प्रमाण ७२.९ टक्क्यांवर गेले आणि २०२४ मध्ये ते पुन्हा ६६.८ टक्क्यांवर आले. करोनाच्या साथीत रोजगार गेले, फी भरता येईना, कित्येक लहान खासगी शाळांना कुलूप लागले, तेव्हा ही मुले कुठे गेली? ती गावातल्या सरकारी शाळेत आली. आमच्या केंद्रातही आली. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा वर्गात बसायला बस्करे कमी पडली. समजा, त्याआधी समूह शाळेच्या नावाखाली या शाळा बंद झाल्या असत्या, तर ती मुले कुठे गेली असती याचा विचार व्हावा. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय झालाच होता. खासगी शाळा परवडेनाशी झाली की मालक ती बंद करू शकतो आणि त्याबद्दल त्याला कोणी कोर्टात खेचत नाही. शासनाला ती मुभा नाही. दोघांमधला खरा फरक माझ्या मते एवढाच आहे आणि तो मोठा आहे.

खर्च परवडत नाही, ही सबब मी नोकरीभर ऐकली. ती आजची नाही. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा शेतकऱ्यांकडून गोळा होणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो आणि ज्यांनी तो दिला त्यांच्या मुलांना गावात शाळा नाही, हीच त्यांची तक्रार होती. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि लोकल फंडाचा, म्हणजे स्थानिक करातून जमणाऱ्या निधीचा, निम्म्याहून अधिक भाग त्यावर खर्च व्हावा, अशी त्यांची मागणी होती. नामदार गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. पैशाची अडचण तेव्हाही पुढे केली गेली. त्यानंतर पाच वर्षांनी कोल्हापूरसारख्या लहान संस्थानात शाहू महाराजांनी सक्तीचा व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि जो पालक मुलाला शाळेत पाठवणार नाही त्याला दरमहा एक रुपया दंड ठेवला. महाराजांनी वाड्यावस्त्या मोजून कुठली शाळा परवडते आणि कुठली नाही असा तक्ता काढला नव्हता. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा असे सुचवले, तसेच परिसरातल्या सर्व थरांतली मुले एकाच शाळेत शिकावीत असा आग्रह धरला. यातले पहिले झाले नाही आणि दुसऱ्याच्या नेमके उलट झाले. सधन घरातली मुले गावच्या शाळेतून निघून गेली, आणि त्यांच्याबरोबर शाळेसाठी तालुक्याला जाऊन भांडणारी माणसेही निघून गेली. कायद्यातल्या २५ टक्के जागा मला म्हणूनच महत्त्वाच्या वाटतात. फार थोड्या मुलांसाठी का होईना, त्या एका वर्गात वेगवेगळ्या घरांतली मुले एका बाकावर बसवतात. त्या जागांचे प्रति विद्यार्थी १७,६७० रुपये शासन वर्षानुवर्षे थकवते आणि मग संस्थाचालक त्या मुलांकडे ओझे म्हणून पाहतात. हा दोष कायद्याचा नाही, पैसे वेळेवर न देणाऱ्याचा आहे.

आमच्या बाजूच्या चुकाही लिहिल्या पाहिजेत, नाहीतर हे पत्र प्रामाणिक होणार नाही. मुख्यालयी राहण्याची अट कागदावर पाळणारे आणि प्रत्यक्षात चाळीस किलोमीटरवरून ये-जा करणारे शिक्षक माझ्या केंद्रात होते. दहा वाजून वीस मिनिटांनी परिपाठ सुरू होणारी शाळा मी अनेकदा पाहिली आणि नोटीस देऊनही तीत फार फरक पडला नाही. अशा शिक्षकांना संघटनांनी पाठीशी घातले, हेही खरे आहे. परंतु जे मन लावून शिकवत होते त्यांचा दिवस कशात जात होता, हे मी पाहिले आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमानुसार शिक्षकाला दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्यापुरतेच अशैक्षणिक काम देता येते. प्रत्यक्षात पोषण आहाराची रोजची नोंद, आधार पडताळणी, ‘सरल’ आणि ‘यू-डायस’ या संगणकीय प्रणालींत भरायची माहिती, सर्वेक्षणे, दिवस साजरे केल्याची छायाचित्रे, हे सगळे तोच माणूस करतो. आमच्या एका वाडीवर मोबाईलची रेंज फक्त शाळेमागच्या टेकाडावर येत असे. तिथल्या बाई दुपारी मुले जेवायला बसली की ताटांचा फोटो काढून टेकाड चढायच्या, माहिती भरायच्या आणि उतरून पुढचा तास घ्यायच्या. पावसाळ्यात त्या डोक्यावर पोते घेऊन वर गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

शासनाची भूमिका म्हटली की मंत्रालयातून सगळे हाकावे, असा अर्थ घेतला जातो आणि तोही चुकीचा आहे. गणवेशाचे उदाहरण ताजे आहे. पूर्वी शाळा व्यवस्थापन समितीकडे पैसे येत, गावातला किंवा बाजारगावातला शिंपी मापे घेई आणि मुलांना कपडे मिळत. २०२४-२५ या वर्षी राज्यभर एकाच ठिकाणाहून कापड घेऊन गणवेश देण्याचे ठरले आणि कित्येक शाळांत सत्र उलटून गेले तरी मुलांच्या अंगावर गणवेश चढला नाही. अखेर ते काम पुन्हा समित्यांकडे द्यावे लागले. जे काम गाव करू शकते ते शासनाने ओढून घ्यायचे आणि जे केवळ शासनच करू शकते, म्हणजे शिक्षक नेमणे, ते देणगीदार, मानधन आणि शाळा दत्तक देण्याची योजना यांवर सोडायचे, असा उलटा कारभार चालू आहे. उद्योजकाने शाळेला पंखे दिले, संगणक दिले तर स्वागतच आहे. पण दहा वर्षांनी त्याचे मन बदलले तर वर्गात कोण उभे राहणार?

लहान शाळेत मुलांचे सामाजिकीकरण होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी अशा शाळेत एक पूर्ण दिवस बसावे. माझ्या केंद्रातील सर्वांत लहान शाळेचा पट अकरा होता. एका भेटीत मी मागे बसलो होतो. बाई चौथीच्या दोन मुलांना भागाकार समजावत होत्या. भिंतीकडेला तिसरीतली एक मुलगी पहिलीतल्या दोघांना पुढ्यात घेऊन वाचून घेत होती. ‘कमळ’ या शब्दावर एकजण अडला तेव्हा तिने तो सांगितला नाही, प्रत्येक अक्षराखाली बोट ठेवून थांबून राहिली, तोपर्यंत त्याला तो लागला. ही रीत तिला कोणी प्रशिक्षणात शिकवली नव्हती. तिने बाईंना तसे करताना पाहिले होते. त्या अकरा मुलांपैकी चौथी संपताना वाचता येत नाही असे एकही नव्हते, आणि माझ्याच केंद्रातल्या पावणेदोनशे पटाच्या शाळेबद्दल मला हे म्हणता आले नसते. लहान शाळेत चांगले शिकवता येते; त्यासाठी दोन शिक्षक लागतात, बहुवर्ग अध्यापनाचे खरे प्रशिक्षण लागते आणि शाळा पुढच्या वर्षी असेल याची खात्री लागते. दरवर्षी मार्च आला की शाळा जाणार अशी आवई उठते, आणि उठली की दोन-तीन पालक दाखले काढतातच.

मोठ्या शाळेच्या सोयी मलाही मुलांना द्यायच्या आहेत. त्यासाठी आठवड्यातून एक दिवस केंद्रशाळेत सर्व वाड्यांची मुले आणता येतात. आम्ही तालुकास्तरीय स्पर्धांच्या तयारीसाठी लोकवर्गणीतून वडापची गाडी ठरवून हे दोन वर्षे केले. खेळ झाले, गाणी झाली, मुलांची ओळख झाली आणि उरलेले पाच दिवस ती आपापल्या वाडीत शिकली. शाळा बंद न करता हे होते.

माझी मागणी अवाजवी नाही. कोणतेही पद रिक्त होऊन सहा महिने झाले असतील, तर त्या काळात घसरलेला पट संचमान्यतेसाठी धरू नये. जिथे जिल्हा परिषदेची शाळा चालू आहे तिथे नव्या स्वयंअर्थसहाय्यित शाळेला परवानगी देण्यापूर्वी ग्रामसभेपुढे तो प्रस्ताव यावा आणि त्या शाळेतली रिक्त पदे आधी भरावीत. कायद्याच्या अनुसूचीतले दोन शिक्षक प्रत्येक वाडीला नियमित वेतनावर मिळावेत. आणि शाळा बंद करण्याचा किंवा समूहात विलीन करण्याचा प्रस्ताव ज्या अधिकाऱ्याच्या सहीने पुढे जाईल, त्याने वाडीपासून नव्या शाळेपर्यंतचे अंतर नकाशावर न मोजता जुलै महिन्यात, सकाळी नऊ वाजता, दुसरीतल्या एखाद्या मुलाबरोबर चालून जावे आणि किती वेळ लागला ते अहवालात स्वतःच्या अक्षरात लिहावे. आमच्या त्या अकरा मुलांच्या वाडीपासून केंद्रशाळा कागदावर पावणेतीन किलोमीटर आहे. वाटेत दोन ओढे आहेत आणि त्यांतल्या एकावर अजून साकव नाही.

आपला,
एक सेवानिवृत्त केंद्रप्रमुख,
सातारा जिल्हा